इतिवृत्ताखाली सही कोणाची?

संशोधनाला लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी एखाद्या सभेचं प्रोसिडिंग उघडतो. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा असेल, विधानसभेची कार्यवाही असेल, नाहीतर एखाद्या गावाच्या ग्रामसभेचं रजिस्टर. आपण काय करतो? विषय क्रमांक बघतो, ठराव उतरवून घेतो, सूचक-अनुमोदकांची नावं टिपतो आणि पान उलटतो. खाली डाव्या हाताला एक सही असते, तिच्याखाली ‘सचिव’ असा शिक्का असतो. तिकडे कोणी बघत नाही.

आजची पोस्ट त्या सहीबद्दल आहे. चर्चेत कोण काय बोललं, त्यातलं कागदावर किती आलं, कोणता विषय विषयपत्रिकेवर आला आणि कोणता ‘नियमात बसत नाही’ म्हणून मागे ठेवला गेला, हे सगळं त्या सहीवाल्याच्या हातून जातं. मग साधा प्रश्न असा, की त्याला नेमतं कोण आणि काढू कोण शकतं? सभागृह, की ज्या सरकारला सभागृहाने जाब विचारायचा ते सरकार? तुमच्या प्रबंधाचा विषय वनहक्क असो, सिंचन असो की शाळा, साधन म्हणून इतिवृत्त वापरणार असाल तर याचं उत्तर आधी शोधावं लागतं.

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा जोरात विचारला गेला तो दिल्लीत. १९१९ च्या कायद्याने केंद्रीय विधानसभा आली. पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाईट हे सरकारने नेमलेले. ऑगस्ट १९२५ मध्ये पहिल्यांदा सभागृहाने स्वतः अध्यक्ष निवडला, विठ्ठलभाई पटेल. अवघ्या दोन मतांनी, ५८ विरुद्ध ५६. पटेल खुर्चीवर बसले खरे, पण त्यांच्या शेजारी बसून नियम सांगणारा, प्रश्न स्वीकारायचा की नाही याची टिपणी लिहिणारा, कागद सांभाळणारा सचिव हा सरकारच्या विधी विभागाचाच सचिव होता. म्हणजे सकाळी हा माणूस सरकारसाठी विधेयकाचा मसुदा तपासणार, आणि दुपारी त्याच विधेयकावर विरोधी सदस्याची दुरुस्ती नियमात बसते का, याचा सल्ला अध्यक्षांना देणार. तो माणूस प्रामाणिक होता की नाही, हा मुद्दाच नाही. त्याची बढती, बदली आणि गोपनीय अहवाल सरकारच्या हातात होते, एवढं पुरेसं आहे.

पटेलांनी हा वाद सोडला नाही. मला इथे एक गोष्ट नेहमी खुणावते. केंद्रीय सभेचे अध्यक्ष होण्याआधी ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात आयुक्त सरकारने नेमायचा होता, पण सभागृहाचा चिटणीस मात्र आयुक्ताच्या हाताखालचा नव्हता, त्याची नेमणूक नगरसेवकांच्या बाजूकडे होती. पटेलांनी दिल्लीत जे मागितलं त्याचं बीज मुंबईत असावं असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पुरावा म्हणून वापरू नका. कोणाला त्यावर काम करायचं असेल तर विषय मोकळा पडलाय.

सप्टेंबर १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंनी सभागृहात ठराव मांडला, की विधानसभेसाठी स्वतंत्र विभाग असावा आणि तो अध्यक्षांच्या अधिकाराखाली असावा. ठराव मंजूर झाला. १० जानेवारी १९२९ ला ‘विधानसभा विभाग’ अस्तित्वात आला. आता यातली तडजोड बघा, कारण तिची छाया आजपर्यंत आहे. विभाग प्रत्यक्षात अध्यक्ष चालवणार, पण कागदावर तो गव्हर्नर-जनरलच्या खात्यात राहणार. म्हणजे सरकारने घर दिलं, पण सातबारा आपल्याच नावावर ठेवला. तीनच महिन्यांनी, ८ एप्रिलला, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला आणि पुढे आवारातली सुरक्षा कोणाच्या हुकमाखाली यावरून पटेल आणि सरकार यांची पुन्हा जुंपली. दारावरचा शिपाईसुद्धा कोणाचा, हा घटनात्मक प्रश्न असतो तो असा.

तुम्ही म्हणाल, दिल्लीचं ठीक आहे, आपल्या चांद्याचं काय? आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. कायदेमंडळ नागपूरला. तिथेही सुरुवातीची चार वर्षं अध्यक्ष गव्हर्नरने नेमलेला, आणि त्यानंतर सभागृहाने निवडलेला पण गव्हर्नरची मान्यता लागणारा. पहिले अध्यक्ष सर गंगाधरराव चिटणवीस. पुढे १९२५ मध्ये स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली! ज्या सरकारवर अंकुश ठेवणाऱ्या सभागृहाच्या खुर्चीवर बसलो होतो, त्याच सरकारात उडी. मोतीलाल नेहरू संतापले, तर केळकर-जयकर मंडळींनी तांब्यांची बाजू घेतली आणि स्वराज्य पक्षाला तडा गेला. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग ‘प्रतियोगी सहकारिता’ या नावाखाली येतो आणि पक्षफुटीची गोष्ट म्हणून संपतो. पण आपल्या प्रश्नाच्या बाजूने वाचा. खुर्चीवरच्या माणसाला पुढचं पद देण्याची ताकद सरकारकडे असेल, तर त्याला काढण्याची गरजच पडत नाही. आमिषही पुरतं. नेमणूक आणि हकालपट्टी यांच्यासोबत तिसरी गोष्ट बघायची ती हीच: या पदानंतर तो माणूस कुठे गेला?

१९४८ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात विधिमंडळाच्या सचिवालयाबद्दल वेगळं कलम नव्हतं. ते नंतर ‘७९-अ’ म्हणून आलं आणि जुलै १९४९ च्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी ते घटना समितीत मांडलं. आजचं कलम ९८ ते हेच. राज्यांसाठी कलम १८७. त्यात तीन गोष्टी आहेत: सभागृहाला स्वतंत्र सचिवीय कर्मचारी असतील (दोन सभागृहं असली तर सामाईक पदं चालतील), त्यांची भरती आणि सेवाशर्ती विधिमंडळ कायद्याने ठरवू शकेल, आणि असा कायदा होईपर्यंत राज्यपाल, अध्यक्ष किंवा सभापतींशी विचारविनिमय करून, नियम करू शकतील.

‘कायदा होईपर्यंत’ हे शब्द लक्षात ठेवा. संसदेने कलम ९८ खालचा असा कायदा आजवर केलेला नाही. लोकसभा सचिवालयाचा कारभार १९५५ च्या भरती व सेवाशर्ती नियमांवर चालतो. तात्पुरती व्यवस्था सत्तर वर्षं टिकली. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी फार टिकतात, हा काही नवा शोध नाही.

आता शेजारची कलमं काढून बघा. विधानसभेच्या अध्यक्षाला हटवायचं तर कलम १७९ आहे: चौदा दिवसांची नोटीस आणि त्यावेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताचा ठराव. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला हटवायचं तर कलम १४८: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागते तीच प्रक्रिया. महालेखापरीक्षकाला निवृत्तीनंतर सरकारी पद घेण्याचीही मनाई आहे. तांब्यांच्या गोष्टीतली फट इथे घटनाकारांनी बुजवली. आणि सभागृहाचा सचिव? त्याला कसं हटवायचं याबद्दल घटना एक अक्षर बोलत नाही. अध्यक्षाने नेमायचं, अध्यक्षालाच उत्तर द्यायचं. यात सरकारपासून संरक्षण आहे. पण अध्यक्षापासून नाही, आणि अध्यक्ष तर बहुमताच्या पक्षातूनच येतो.

याचा अर्थ काय होतो ते २०२१ मध्ये दिसलं. राज्यसभेच्या महासचिवपदी १ सप्टेंबरला डॉ. पी. पी. के. रामाचार्युलु आले. सचिवालयातच खालपासून वर चढत आलेला अधिकारी त्या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ असल्याने तेव्हा कौतुक झालं होतं. १२ नोव्हेंबरला त्यांच्या जागी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे माजी अध्यक्ष पी. सी. मोदी आले. अडीच महिनेही झाले नव्हते. हिवाळी अधिवेशन तोंडावर होतं, विरोधकांनी प्रश्न विचारले. नियम कुठलाच मोडला नव्हता, कारण मोडायला नियम असावा लागतो. रामाचार्युलुंना सल्लागार केलं गेलं. मुदत ठरलेली नाही, कारण सांगण्याचं बंधन नाही, सभागृहाची संमती नाही. अशा पदाला आपण ‘स्वतंत्र’ म्हणतो तेव्हा नक्की कशापासून स्वतंत्र म्हणतो, हा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांना जरूर विचारा.

परदेशात याची उत्तरं वेगवेगळी आहेत, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत संसदेला अर्थसंकल्पाचं गणित करून देणारं स्वतंत्र कार्यालय आहे. त्याचा संचालक दोन्ही सभागृहांचे प्रमुख मिळून चार वर्षांसाठी नेमतात आणि कोणतंही एक सभागृह ठराव करून त्याला काढू शकतं. पण त्याच संसदेच्या ग्रंथालयाचा प्रमुख मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेटच्या संमतीने, दहा वर्षांसाठी. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ग्रंथपाल कार्ला हेडन यांना मुदत संपायच्या आत काढून टाकलं, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की नावात ‘काँग्रेसचं’ असलेल्या ग्रंथालयाची दोरी दुसऱ्याच हातात आहे. ब्रिटनमध्ये महालेखापरीक्षकाचं नाव पंतप्रधान मांडतात, पण लोकलेखा समितीच्या अध्यक्षाच्या संमतीशिवाय नाही. मुदत दहा वर्षं, पुन्हा नेमणूक नाही. आणि ही समिती विरोधी पक्षाकडे असते. सरकारचे हिशेब तपासणारा माणूस निवडताना विरोधकाला नकाराचा अधिकार! मला व्यक्तिशः हीच रचना सगळ्यात शहाणी वाटते.

आता खाली येऊ या, आपल्या जिल्ह्यात. जिल्हा परिषद कायदे करत नाही, तेव्हा तिला विधिमंडळ म्हणता येणार नाही, मान्य. पण ती निवडून आलेली सभा आहे, ती प्रश्न विचारते, अंदाजपत्रक मंजूर करते, आणि तिलाही माहिती, टिपणी आणि इतिवृत्त लागतं. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत संशोधन करणाऱ्याच्या हाती पडणारे कागद मुंबईपेक्षा इथलेच जास्त असतात.

विदर्भात जिल्हा परिषदेच्या आधी जनपद सभा होत्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने द्वारकाप्रसाद मिश्रांनी ही योजना आणली. जिल्ह्याऐवजी तहसील हा पाया. कल्पना धाडसी होती, पण कार्यकारी प्रमुख महसूल खात्याचा अधिकारी. लोकांची सभा, साहेबांची कचेरी. १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार नेमतं. उप मुख्य कार्यकारी अधिकारी सामान्य प्रशासन सांभाळतो आणि तोच जिल्हा परिषदेचा पदसिद्ध सचिव. विषय समित्यांचे सचिव त्या-त्या खात्याचे प्रमुख. पंचायत समितीचा सचिव गटविकास अधिकारी.

नीट बघा काय झालं. १९२५ मध्ये विठ्ठलभाईंनी ज्या रचनेवर बोट ठेवलं होतं, म्हणजे ज्याला जाब विचारायचा त्याच्याच माणसाने सभागृहाचं कामकाज लिहायचं, तीच रचना आपण १९६१ मध्ये जिल्ह्याला दिली. बांधकाम समितीत रस्त्याच्या दर्जावर सदस्य ओरडतो, आणि त्याचं ओरडणं इतिवृत्तात कसं उतरवायचं हे कार्यकारी अभियंत्याच्या टेबलवरून ठरतं. म्हणून ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली’ हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा भेटतं. त्या एका वाक्यात कधीकधी दोन तासांचं भांडण पुरलेलं असतं. ते उकरायचं तर त्या दिवसाची स्थानिक वर्तमानपत्रं, सदस्यांची लेखी पत्रं आणि पुढच्या सभेतला ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा विषय, तिन्ही शेजारी ठेवा. इतिवृत्तावर आक्षेप नोंदला जातो तो तिथेच.

काढण्याचा अधिकार सभेला अगदीच नाही असं नाही. एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी खास सभेत ठराव केला तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला परत बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. महापालिकांत आयुक्तांसाठी हा आकडा पाच अष्टमांश. आकडा गाठला तरी गाडी पुढे जातेच असं नाही: नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला, पण ते लगेच हलले नाहीत, सरकारने त्यांची बदली केली ती मार्च २०१७ मध्ये. सभेचा राग त्या तारखेला, आणि सरकारची सोय या तारखेला. बदलीचा अभ्यास करणाऱ्याने या दोन तारखांमधलं अंतर नेहमी मोजावं.

पण हे सगळं मुख्य अधिकाऱ्याबद्दल झालं. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवाला सभेने स्वतः निवडावं, ही गोष्ट जिल्हा परिषदेच्या रचनेत कुठेच नाही. आणि मार्च २०२२ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. सभा गेली, सचिव राहिला. या काळातले ठराव तुम्ही पुढे कधी वाचाल तर भाषा तीच दिसेल, नमुना तोच, विषय क्रमांक तसेच. फक्त प्रस्ताव ठेवणारी, मंजूर करणारी आणि नोंदवणारी बाजू एकच असेल. पंचवीस वर्षांनी कोणीतरी विद्यार्थी हे कागद २०१८ च्या कागदांसोबत एकाच तक्त्यात भरेल, त्याची मला आत्ताच काळजी वाटते.

याच्या उलट टोकाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गावाच्या ग्रामपंचायतीचा सचिव म्हणजे ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचा नोकर. ग्रामसभेचं रजिस्टरही त्याच्याच हातात. पण वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनी एक वेगळी वाट काढली. ग्रामसभा आपल्यातून वनहक्क समिती निवडते, आणि ती समिती आपला अध्यक्ष आणि सचिव स्वतः ठरवते. उपविभागीय समितीला फक्त कळवायचं. मंजुरी नाही, कळवणं. दावा तपासणारा, स्थळपाहणीचा अहवाल लिहिणारा सचिव गावाचा. गडचिरोलीत एकाच गावासाठी दोन हस्ताक्षरांतले कागद मिळतात ते यामुळे: एक ग्रामसेवकाचं, एक वनहक्क समितीच्या सचिवाचं. दोन्ही मिळाले तर नशीब समजा.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर याहून पुढे गेलं होतं, आणि तेही कायद्याच्या कितीतरी आधी. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००९ मध्ये या गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेकडे आलं. लेखकांचं लक्ष बांबूवर असतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तिथला अभ्यास गट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून उभी राहिलेली ही पद्धत अशी: विषय आधी अभ्यास गटात बोलायचा. तिथे बाहेरचा जाणकार येऊ शकतो, कायद्याची प्रत वाचली जाते, प्रश्न विचारले जातात. पण गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. माहिती देणारे आणि निर्णय घेणारे, दोघे वेगळे.

म्हणजे जे काम दिल्लीत संसदेचं ग्रंथालय आणि संशोधन विभाग करतो, ते काम पाचशेच्या आसपास वस्तीचं एक गोंड गाव झाडाखाली बसून करतंय. फरक एवढाच, की या गटाला प्रमुखच नाही. कोणाला नेमलं नाही, त्यामुळे कोणाला काढायचा प्रश्न नाही. यायचं तो येतो, जायचं तो जातो. हे सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. लाखो लोकांच्या जिल्ह्याची सभा असं चालवता येणार नाही, आणि प्रमुख नसलेल्या ठिकाणी बोलका माणूसच न नेमलेला प्रमुख होतो, हा आक्षेपही खरा आहे. तो तपासायचा तर गटात कोण किती वेळा बोललं, विशेषतः बाया किती बोलल्या, हे बघावं लागेल.

आता तुमच्या कामाचं. पुढच्या वेळी अभिलेख कक्षात बसाल तेव्हा टिपणवहीत ठरावाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: सही कोणाची, हुद्दा काय, त्याला नेमलं कोणी, त्या पदावर कधी आला, कधी गेला आणि कुठे गेला. नेमणुकीचे आणि बदलीचे आदेश सामान्य प्रशासन विभागाच्या आस्थापना शाखेत असतात, ठरावांच्या गठ्ठ्यात नसतात; त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. गावपातळीवर असाल तर वनहक्क समितीच्या सचिवाच्या घरी जा. पुष्कळदा रजिस्टर तिथेच, पेटीत, पट्ट्याच्या नकाशासोबत ठेवलेलं असतं.